नानांच्या गाडीचे मागचे ब्रेक

अन्वरने मागच्या ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, मोडला, तेव्हा मी तिथे नव्हते. हे आधी सांगितलेले बरे, कारण काल्हेरच्या आमच्या गॅरेजात जो हजर नसे तोच प्रसंग सर्वांत रंगवून सांगे. अशा गोष्टी साचायला गॅरेजइतकी सोयीची जागा नाही: गाडी जॅकवर असते, सुटा भाग भिवंडीहून यायचा असतो आणि तोवर कोणाला तरी बोलायचेच असते. मी मेकॅनिकलची पदवी घेऊन तिथे कामाची तपासणी करत असे. पुढचे किस्से मी स्वतः पाहिलेले आहेत. पहिला तेवढा दोघांकडून, वेगवेगळा ऐकून, जुळला तेवढाच ठेवला आहे.

तर अन्वर. तो आधी पॉवरलूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम चालू करून देणारा. रात्रपाळीला कंटाळून आमच्याकडे आला आणि पुढचे ब्रेक पॅड झटपट बदलू लागला. पुढच्या चाकाचा पिस्टन शिकंज्याने दाबला की मुकाट आत जातो. मागच्या डिस्कच्या पिस्टनला मात्र हँडब्रेकसाठी स्क्रूसारखा आटा असतो. तो फिरवत फिरवतच आत घालावा लागतो. अन्वरने तोही दाबला. गेला नाही, म्हणून शिकंज्याच्या दांडीवर पाइप चढवून दाबला.

आतून 'कट्' आवाज आला. अन्वर म्हणाला, "गेला."

मालक बाळाशेठ शांतपणे म्हणाले, "पिस्टन न्हाय रं, कॅलिपर गेला. आता आईक. मागच्या ब्रेकात तुजी आजून येक चूक झाली, तं तू परत लूमवर."

तेव्हापासून गॅरेजातला फोन वाजला की अन्वर हातातले काम थांबवून आधी हात पुसत असे.

* * *

ती गाडी अंजूरच्या नानांची. शेतावर गोदामे उभी राहिल्यानंतर नानांनी ती घेतली होती. त्या वर्षांत आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांना मागे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असत. नानांच्या गाडीला चारही चाकांना डिस्क होत्या आणि हे ते भेटेल त्याला सांगत.

नवा कॅलिपर बसवून गाडी गेली, ती दोन महिन्यांत परत आली. मागचे पॅड लोखंडापर्यंत झिजलेले, रोटर, म्हणजे त्या डिस्कच, तापून निळे पडलेले. बाळाशेठनी अन्वरकडे पाहिले. मी नानांच्या शेजारी बसून गाडी चालवायला सांगितली. नाक्यापर्यंत जाताना पाहिले, तर हँडब्रेकची दांडी दोन घरे वर.

"नाना, ही खाली करायची राहिली."

"ऱ्हायली न्हाय, ठेवली हाय. बैलाचा कासरा कवा पुरा सोरतो काय मानूस? गारी हाताखाली ऱ्हाते."

मी घर्षण, उष्णता, धातूचा निळा रंग, सर्व क्रमाने समजावले. नानांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, तुमी बैल हाकलाय का कवा?"

परत येताना दांडी एकच घर वर होती. ही तडजोड त्यांनी माझ्या पदवीचा मान राखण्यासाठी केली असावी.

* * *

नवे रोटर आले त्या दिवशी काकी, म्हणजे नानांच्या पत्नी, आरतीचे ताट घेऊन आल्या. अन्वरने जुने रोटर उतरवून नवे बसवले, नवे पॅड घातले, पिस्टन नीट फिरवून आत घेतला. चाक चढवायच्या आत काकी पुढे झाल्या आणि आरशासारख्या चकचकीत रोटरवर त्यांनी तेलात कालवलेल्या कुंकवाची पाच बोटे ओढली. मग दुसऱ्या बाजूलाही.

मी कार्यालयाच्या दारातून ओरडेपर्यंत अन्वरने चाक चढवले होते.

"अरे, तेल पुसले का नाही?"

"मॅडम, काकीने लावलेलं मी कसं पुसू? आणि मी, अन्वरने, कुंकू पुसलं तर?"

चाचणीत मागची चाके किंचाळली आणि गाडी थांबायचे नाव घेईना. पॅड तेल प्यायले होते. ते फेकून नवे घालावे लागले.

बाळाशेठ म्हणाले, "चाक कोनी बसवलं?"

मी म्हणाले, "तेल कोणी लावले ते विचारा."

"ते मी इचारू काकीला?" बाळाशेठनी मला विचारले. मग म्हणाले, "ही चूक धरत न्हाय."

दुसऱ्यांदा काकी ताट घेऊन आल्या, तेव्हा अन्वरने रोटरच्या मधल्या उंचवट्यावर बोट ठेवले. तिथे पॅड पोहोचत नाही. "काकी, टिका इथे. मानाची जागा मधली."

"मंग मंगाशी का न्हाय बोललास, मेल्या?"

* * *

जुने रोटर नाना सोबत घेऊन गेले. भंगारात देणे त्यांना पटले नाही. काकींनी एक धुऊन लोणच्याच्या बरणीत, कैऱ्यांवर दाब म्हणून ठेवला. बिडाचे लोखंड, मीठ आणि आंबट. पुढचे मला न पाहता सांगता आले असते. लोणचे शाईसारखे काळे झाले.

फोन वाजला. अन्वरने हात पुसले.

"ताटली तुजीच ना रं ती?" काकींचा आवाज मला टेबलापलीकडून ऐकू आला.

बाळाशेठनी बराच विचार केला. मग निकाल दिला, "लोनचा ब्रेकात येत न्हाय."

* * *

पावसाळ्यानंतर उजव्या मागच्या चाकातून घासल्याचा आवाज येऊ लागला. नानांच्या मते काम कच्चे होते. बाळाशेठ स्वतः उभे राहिले, "खोल माज्यासमोर."

अन्वरने कॅलिपर उतरवला. तो ज्या दोन पिनांवर सरकतो, तिथे ग्रीसमध्ये गुरफटलेला करड्या कापसाचा गोळा होता. पिना अडकल्या होत्या आणि एकच पॅड घासत होता.

"गादी भरलीस काय रं?" बाळाशेठ म्हणाले.

गाडी कुठे उभी असते, असे मी नानांना विचारले. भाच्याच्या लूमच्या शेडमध्ये, सावलीला, असे उत्तर आले. तिथे कापसाची कुसे दिवसभर उडत असतात.

अन्वर तो गोळा बोटांत चुरत राहिला. "इतकी वर्षं नाकातून काढला हा. आता चाकातून काढतोय." मग माझ्याकडे वळून हळूच, "मॅडम, हे धरणार का?"

धरले नाही. पण बाळाशेठ म्हणाले, "माजा आता तुज्यापरीस तुज्या नशिबावर इश्वास न्हाय."

* * *

आणि मग एका सकाळी नानांचा फोन आला, की गाडी खाडीत आहे.

अंजूरला रेतीच्या होड्या लागतात तिथे एक उतरता धक्का आहे. नानांनी त्याच्या वरच्या टोकाला गाडी उभी केली, कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि ते चहाला गेले. परतले तेव्हा गाडी धक्क्याखाली, दारापर्यंत पाण्यात. आत कोणी नाही, कुलूप तसेच.

आम्ही तिघे पोहोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. बाळाशेठनी सर्वांसमोर नियम सांगितला, "दांडी खाली असल तं नाना इसरला. दांडी वर असल तं ब्रेक धरला न्हाय, म्हंजे अन्वर."

अन्वर गाडीजवळ गेलाच नाही. पाणी उतरल्यावर नानांनी किल्लीने दार उघडले आणि मी आत वाकून पाहिले. दांडी वर होती. पूर्ण वर.

"मी वढलाच व्हता," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

अन्वर आपल्या पिशवीपाशी बसला आणि एकेक पाना फडक्यात गुंडाळू लागला.

क्रेनवाल्याने दोर ताणला. गाडी हातभर सरकली आणि तो चिडून ओरडला, "अरे हँडब्रेक तो छोडो कोई! पिछले चक्के घूम ही नहीं रहे."

बाळाशेठ चिखलात उतरले. मागच्या चाकाला आधी हाताने, मग खांद्याने जोर लावला. दुसऱ्या चाकालाही. दोन्ही जागची हलली नाहीत.

"पाने बाहेर काढ," ते अन्वरला म्हणाले, त्याच्याकडे न बघता.

मी आत हात घालून दांडी खाली केली. चाके फिरली. वर केली. थांबली. मग वर जाऊन नानांनी गाडी उभी केली होती ती जागा पाहिली. काँक्रीट खरखरीत आणि कोरडे होते. भरतीचे पाणी तिथवर पोहोचत नाही. टायर घसटल्याची रेघ मी वाकून शोधली, मग अन्वरने शोधली, मग नानांनी चष्मा लावून शोधली. एकही नव्हती. चाके धरलेली गाडी खाली कशी उतरली, ते आम्हाला आजही कोडेच आहे.