भाऊसाहेबांनी जुळवलेले खिळे

भाऊसाहेब गेल्याचं त्यांच्या मुलीने, सुमनताईंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी दुपारचा पडलो होतो. झोपेत होतो की जागा, मला नक्की कळेना. कानात मात्र गिरगावातल्या त्या छापखान्याचं यंत्र संथपणे सुरू झालं... फोन ठेवल्यावरही बराच वेळ ते थांबलं नाही. आज त्याला महिना झाला.

छापखाना त्यांचा, मी तिथला कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, हे माझं काम. आम्ही सगळे मिळून अकरा जण होतो. भाऊसाहेब पाठारे प्रभूंच्या जुन्या घरातले. स्वच्छ धोतर, हळू बोलणं. चारच्या चहाला ते आमच्यातच स्टुलावर येऊन बसत. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चळवळीची पत्रकं आम्ही छापायचो, कागद भाऊसाहेबांचा, जादा वेळ आमचा, आणि मग त्याच शाईच्या हातांनी सगळे मोर्च्याला जायचो. त्या गर्दीत मालक कोण, कामगार कोण, काही ओळखू यायचं नाही. आता आठवताना ती सगळी माणसं धुक्यातून चालल्यासारखी दिसतात.

त्याच सुमारास कामगारांविषयीचे नियम बदलले. युनियनची रीतसर नोंद झाली की मालकाने तिच्याशी बोललंच पाहिजे, माणूस काढायचा तर लेखी कारण दिलं पाहिजे. आम्ही युनियन काढली, चिटणीस मी झालो. भाऊसाहेबांना ते लागलं. माझ्याशी बोलायला यांना कागद कशाला हवा, असं ते म्हणाल्याचं कानावर आलं. चहाला यायचे ते बंद झाले. त्यांच्या वकिलाने सुचवलं होतं की दोन माणसं कमी करा, दहाच्या खाली आलात की हे नियम तुमच्या छापखान्याला लागूच होत नाहीत. आठवडाभर कोणी कोणाशी मोकळं बोललं नाही. लालबागच्या खोलीत माझ्या बायकोचे दिवस भरत आले होते आणि मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

शनिवारी त्यांनी मला आत बोलावून वकिलाचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं.

"मग पहिलं नाव माझं लिहा," मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा वाटला.

ते खिडकीकडे वळले. "नाव लिहीन रे, सावंत. पण सोमवारी मोर्च्यात तुझ्या शेजारून कसा चालू?"

त्यांनी कोणालाच काढलं नाही. युनियनशी करार झाला. पुढे ते टेबलापलीकडे बसून नियमाप्रमाणे बोलत, दिलेला शब्द पाळत. आमच्यात येऊन मात्र पुन्हा कधी बसले नाहीत. आम्हाला हवं होतं ते मिळालं होतं, तरी चार वाजले की माझी मान आपोआप दाराकडे वळायची.

परवा सुमनताईंना भेटायला गेलो, तेव्हा त्यांच्याबरोबर छापखान्यातही जाऊन आलो. छापखान्याच्या जागेत आता पुठ्ठ्याचे खोके रचलेत. भिंतीवर अजून, काचेमागे, कामाचे तास आणि रजा यांची सूचना आहे. करारानंतर ती लावावी लागली होती. आम्हाला न सांगता भाऊसाहेबांनी एका रविवारी एकट्याने येऊन ती जुळवली. जन्मात खिळे न हाताळलेला माणूस, 'रजा'तला 'र' उलटा बसला. मी दुरुस्त करतो म्हणालो, तर म्हणाले, "राहू दे. वाचता येतंय ना?"

कागद पिवळा पडलाय. चष्मा पुसून मी पहिल्या ओळीपासून वाचत गेलो... आणि त्या उलट्या अक्षरापाशी, काचेवर बोट टेकून, तसाच उभा राहिलो.