दाजींनी हॉर्न वाजवला नाही

दाजींच्या गाडीचा हॉर्न चालतो, हे आम्हाला ते गेल्यावर कळलं. आठवड्याभराने ताईने गाडीवरचं कव्हर काढलं, आत बसली, आणि रडता रडता तिचं कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. हॉर्न असा कडाडला की समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. ताई दचकून मागे सरली. "अगंबाई, हा वाजतो?" ती म्हणाली. अकरा वर्षं ती त्या गाडीत बसत होती.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पण बदलापूरच्या कुळगावात त्यांना सगळेच दाजी म्हणत, दूधवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग मोजायचा आणि पास की फेल ते सांगायचं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. हॉर्नबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं. "हॉर्न म्हणजे आपली घाई दुसऱ्याच्या कानात ओतणं." रस्त्यात म्हैस आडवी आली की ते इंजिन बंद करून बसत. एकदा मागचा रिक्षावाला ओरडला, "ओ काका, गाडी चालवायला घेतली का पार्किंगला?" दाजींनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याला नमस्कार केला आणि मला म्हणाले, "म्हशीला रस्ता कळतो, मास्तर. फक्त तिला मी कळत नाही. तिला वेळ दिला पाहिजे."

मला ते मास्तर म्हणत. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो.

त्यांच्या डॅशबोर्डवर देव नव्हता, बाबासाहेबांचा एक लहान फोटो होता आणि त्याच्या शेजारी गवंड्याकडची लेव्हल बाटली चिकटवलेली होती. भिंत सरळ आहे का ते पाहायला गवंडी वापरतात ती, हिरव्या पाण्यात बुडबुडा असलेली. ब्रेक जोरात लागला की बुडबुडा पुढे पळे, वळण चुकलं की कडेला जाई. "बुडबुडा हलला की ड्रायव्हर नापास," असा नियम होता. मला लहानपणापासून गाडी लागते. चालत्या वाहनात दोन ओळी वाचल्या तरी पोटात ढवळतं. माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या दिवशी दाजी रजा काढून मला सोडायला आले. मी टिपणं पिशवीत ठेवायला लागलो तसे म्हणाले, "वाच तू. बुडबुडा माझ्याकडे लागला." बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंतच्या त्या खड्ड्यांत मी अख्खी वही वाचून काढली आणि मला काहीही झालं नाही. ती नोकरी मला लागली. आजही मी तीच करतो.

यंत्रांचं त्यांना वेड होतं. पगार झाल्यावरच्या पहिल्या रविवारी ते उल्हासनगरच्या इलेक्ट्रॉनिक बाजारात जात आणि एका सिंधी दुकानदाराच्या काउंटरवर तासभर उभे राहत. खिशातून भिंग काढून प्रत्येक वस्तू उलटीसुलटी बघत. दुकानदार वैतागून म्हणे, "दाजी, माल लेना है या पास-फेल करना है?" दाजी शांतपणे म्हणत, "साईं, तुम बेचो. मैं देखता हूँ." तिथूनच त्यांनी एक जुना डिजिटल कॅमेरा घेतला. त्याच्या पडद्यावर एक उभी रेघ होती. तिच्यामुळे फोटो सरळ येतात, असं ते अभिमानाने सांगत.

त्या कॅमेऱ्याने त्यांनी हजारो फोटो काढले. घासलेले टायर, फाटकावर उभ्या ट्रकांची मागची पाटी, उन्हात चमकणारा गिअरचा दांडा, काटई रस्त्यावरचे मैलाचे दगड. माणसांचे फोटो ते काढत नसत. ताईने लग्नाच्या वाढदिवशी हट्ट धरला तर म्हणाले, "माणूस कॅमेऱ्यासमोर आला की खोटं बोलतो. वस्तू बोलत नाहीत." "मग मला वस्तू समजा," ताई म्हणाली. त्यांनी तिच्या बांगड्यांचा फोटो काढला.

रविवारी संध्याकाळी टीव्हीवर परदेशातल्या मोटारींच्या शर्यती लागत. दाजी आमच्या घरी येऊन, हातात स्टॉपवॉच घेऊन जमिनीवर बसत. कोण जिंकलं याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. गाडी टायर बदलायला थांबली की ते पुढे सरकत, बोटं बटणावर, आणि ती सुटली की सेकंद वाचून दाखवत. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसलेला असे आणि मनातून हसत असे. पन्नाशीचा माणूस, अंगाला ग्रीसचा वास, आणि कुठल्या तरी दूरच्या देशातल्या चाकांची ही काळजी! माझ्या कॉलेजमधल्या मित्रांना मी घरी बोलावत असे ते रविवार सोडून.

दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. हिवाळा होता. दाजी एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. साध्या, घरगुती गाड्यांची रॅली निघणार होती. त्यात वेगाला किंमत नव्हती. दिलेल्या वेगाने, दिलेल्या रस्त्याने, ठरलेल्या मिनिटाला ठरलेल्या जागी पोचायचं. लवकर पोचलात तरी गुण कापणार. गाडीत दोघे हवेतच. एक चालवणारा आणि दुसरा शेजारी बसून रस्त्याची वही वाचणारा.

"आयुष्यभर मी याच शर्यतीची वाट बघत होतो मास्तर," ते म्हणाले. "चालवणारे गल्लीत दहा मिळतील. मला वाचणारा पाहिजे. आणि वाचणारा माझ्या माहितीत एकच आहे."

मी हो म्हणालो. नाही म्हणण्याचं धैर्य नव्हतं म्हणून हो म्हणालो.

पुढचा महिनाभर ते कारखान्यातून सुटले की सरावाची वही तयार करत. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, सगळे रस्ते किलोमीटरच्या दशांशासकट. प्रत्येक वळणाचा फोटो चिकटवलेला, खाली मराठीत सूचना. रॅलीची खरी वही इंग्रजीत असणार होती, पण ते म्हणत, "सराव आपल्या भाषेत करावा. हात बसतो." चार रविवार आम्ही हिंडलो. मी वाचायचो, "दोन पूर्णांक चार, मांजर्लीचा फाटा, डावीकडे," आणि ते बुडबुडा न हलवता डावीकडे वळायचे. खरं सांगतो, मला मजा येत होती. ही गोष्ट मी कुणालाही कळू दिली नाही.

रॅलीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, ते गाडी घेऊन थेट कॉलेजच्या फाटकाशी आले. पेंटरकडून त्यांनी दोन्ही दारांवर नावं रंगवून घेतली होती. उजव्या दारावर 'चालक' आणि त्यांचं नाव. डाव्या दारावर 'वाचक' आणि माझं नाव, आधी ठळक 'प्रा.'. फडक्याने ते माझंच नाव पुसत उभे होते. मी दोन सहकाऱ्यांबरोबर बाहेर पडत होतो. एक जण म्हणाला, "काय सर, आता पीएचडी पंक्चरवर का?" दुसऱ्याने विचारलं, "कोण हो हे?"

"लांबच्या नात्यातले आहेत," मी म्हणालो.

दाजी दहा पावलांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कधीच कळलं नाही. फडकं दारावर फिरत राहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला हेंद्रेपाड्यात माझ्या बिल्डिंगखाली ते येणार होते. रस्ता कॉलेजवरूनच जाणार होता, आणि सहकारी गंमत बघायला उभे राहणार, हे मला माहीत होतं. मी रात्रीच मोबाइल बंद करून ठेवला. साडेपाचला गाडीचा आवाज आला. मी दिवा न लावता तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी गेलो आणि पडदा बोटभर बाजूला केला. गाडी खाली उभी होती. आतल्या अंधारात पुढे टेकलेले दाजी वर बघताहेत, एवढंच जेमतेम दिसत होतं. घरात आमची मुलगी सहा महिन्यांची होती. तिची झोप मोडेल म्हणून ते बेल वाजवायला वर येणार नाहीत, याची मला खात्री होती. आणि ते हॉर्न वाजवणार नाहीत, याची तर त्याहून जास्त. त्यांचा चांगुलपणा मला तोंडपाठ होता. मी त्याच्याच आड लपलो.

ते वाट पाहत राहिले. मी पडदा सोडला आणि अंथरुणावर जाऊन बसलो. चाळीसेक मिनिटांनी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, अगदी हळू, बुडबुडा न हलवता निघालेल्या गाडीचा.

दुपारी मी ताईला फोन करून सांगितलं की रात्रीपासून अंगात ताप होता. ती म्हणाली, "बरं झालं नाही गेलास. यांची पण गाडी गरम झाली म्हणे, निम्म्यातून परत आले." गाडी गरम झालेली नव्हती. शेजारची सीट रिकामी असलेल्या गाडीला तिथे कुणी सोडलंच नव्हतं. हे मला फार नंतर, त्यांच्या कारखान्यातल्या एका मित्राकडून कळलं.

संध्याकाळी दाजी घरी आले. हातात मोसंब्यांची पिशवी. माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "उतरलाय." मग मुलीच्या पाळण्याला दोन झोके दिले. जाताना दारात थांबून म्हणाले, "ताप असताना वाचत बसू नकोस. डोळ्यांवर येतं." मी मान हलवली. मोसंबी गोड होती. ती मी खाल्लीसुद्धा.

त्यांनी मला पुन्हा कधी गाडीत वाचायला बोलावलं नाही. आम्ही भेटत होतो, जेवत होतो, ते मास्तर म्हणत होते. डाव्या दारावरचं माझं नाव त्यांनी खोडलं नाही. दोन पावसाळ्यांत ते आपोआप गेलं, 'प्रा.' सगळ्यात शेवटी.

दोन-अडीच वर्षांनी, कारखान्यात पाळीवर असतानाच, त्यांचं हृदय थांबलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात घरातला बोलणारा म्हणून मलाच उभं केलं. वंदना झाल्यावर मी बोललो. त्यांचा साधेपणा, त्यांची शिस्त, त्यांची निरीक्षणशक्ती. लोकांनी डोळे पुसले. कॉलेजातले ते दोघे सहकारीही आले होते. या वेळी मी "माझे दाजी" म्हणालो. त्या पहाटेबद्दल मात्र एक अक्षर बोललो नाही.

महिन्याभराने ताईने कॅमेरा आणि सरावाची वही माझ्या हातात दिली. "तुला कॉम्प्युटरचं कळतं ना, बघ यात काय काय आहे. माझ्याच्यानं बघवत नाही." दाजी तारखेनुसार फोटो नीट लावून ठेवत. त्या रविवारचे फोटो मी सगळ्यात शेवटी उघडले.

पहिला फोटो किलोमीटरच्या आकड्याचा होता. दुसरा लेव्हल बाटलीचा, बुडबुडा बरोबर मध्ये. तिसरा आमच्या बिल्डिंगचा, खालून वर घेतलेला. सुरुवातीच्या जागेची नोंद म्हणून काढला असणार, तशी त्यांची पद्धतच होती. मी तो मोठा करत गेलो. तिसऱ्या मजल्यावर पडद्यात बोटभर फट होती आणि फटीत, रस्त्यावरच्या दिव्याच्या उजेडात, माझ्या चष्म्याची एक काच चमकत होती. कोपऱ्यात वेळ उमटली होती. पाच वाजून तेहेतीस मिनिटं. म्हणजे आल्यावर तिसऱ्याच मिनिटाला त्यांच्या तपासणी खात्याच्या नजरेला मी दिसलो होतो. तरी ते सव्वासहापर्यंत थांबले. आणि संध्याकाळी मोसंबी घेऊन आले.

माझ्या लग्नात, मुलीच्या बारशाला, माझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला, कधीही त्यांनी माझा फोटो काढला नव्हता. त्यांनी काढलेला माझा हा एकच. यात मी खोटं बोलत नाही.

मग मी वही उघडली. पहिल्या पानावर आमच्या फाटकाचा फोटो होता आणि खाली त्यांच्या टोकदार, तपासणी खात्याच्या अक्षरात लिहिलं होतं:

"०.० किमी. हेंद्रेपाडा, मास्तरांचं घर. इथे थांबणे. हॉर्न वाजवायचा नाही. वाचक स्वतः खाली येईल."