जावयाचा पाय

आमच्या मामेसासऱ्यांएवढा आशावादी माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडायचा नाही, आणि त्यांनी आपली सगळी आशा ज्याच्यावर लावली आहे, त्या कबड्डी संघाइतका हरणारा संघही सापडायचा नाही. निरगुडसरच्या अलीकडे मामांची वाडी. दिवाळी झाली की आसपासच्या गावांचे साखळी सामने सुरू होतात, दर रविवारी एक. यंदा निम्मी साखळी संपली तेव्हा वाडीचा संघ झाडून सगळे सामने हरला होता. दुसऱ्या कुणी अशा वेळी कांद्याच्या रोपाकडे लक्ष दिलं असतं. मामा म्हणाले, "पावणं, गाडी आत्ताशी मंचरात आलीय. जुन्नर लांब हाय अजून. मधीच कशापायी उतरायचं?" मामांची नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली, त्यामुळे त्यांचं तत्त्वज्ञान थांब्याथांब्यानंच पुढे सरकतं.

कबड्डीत सगळा संघ बाद झाला की समोरच्याला लोण मिळतो, म्हणजे दोन गुण फुकटात. सगळीकडे ही नामुष्की समजतात. मामा मात्र आपल्याच संघावर लोण चढला की उठून टाळ्या पिटतात. का, तर लोणानंतर बाद झालेले सातही गडी पुन्हा आत येतात! "बगा, घर भरलं का न्हाई परत?" असं ते शेजारच्याला ढोसून विचारतात. एकदा या टाळ्या बघून समोरच्या गावच्या लोकांनी त्यांना आपलाच माणूस समजून भेळ खाऊ घातली. मामांनी ती शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत खाल्ली आणि उठताना "तुमचा उजवा कोपरा ढिला हाय" असं सांगून आले.

सामना बघणं हे मामांच्या लेखी अंगमेहनतीचं काम आहे. आपला गडी चढाईला गेला की मामाही कडेला बसून एका दमात "कबड्डी कबड्डी" सुरू करतात. गडी पकडला जाऊन, उठून, चड्डी झटकून बाहेर बसलेला असतो, तरी मामांचा दम चालूच. एकदा ते असे लालबुंद झाले की पंच शिट्टी टाकून पाणी घेऊन धावले. पहिल्या रविवारी त्यांच्या अंगावर घोंगडी चुकून उलटी होती आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्या पोराला बोनस गुण मिळाला. तेव्हापासून भर दुपारी, लोक टोपीनं वारा घेत असताना, आमचे मामा उलटी घोंगडी पांघरून घामाच्या धारांत बसलेले असतात. "काडली आन हारलो तर?" असं ते विचारतात. न काढताही आपण हरतोय, हे त्यांना सांगायची कुणाची छाती होत नाही.

पण निम्म्या साखळीनंतर मंडळाच्या पोरांनीच ठरवलं, की पुढचा सामनाही हरलो तर संघ काढून घ्यायचा. हसं तरी किती करून घ्यायचं! हे ऐकून मामांनी घोंगडी घडी घालून खुंटीला टांगली, आणि मामांनी घोंगडी टांगली म्हणजे प्रकरण गंभीर असतं. कारण सराव होतो तो मामांच्या अंगणात. मामी गेल्या, मुलगा भोसरीला, मुलगी नाशिकला. एवढ्या घरात मामा एकटे. संध्याकाळी सराव संपला की ते पोरांना पिठलं-भाकरी करून वाढतात, आणि ती पोरं ओट्यावर बसून भांडत-खिदळत जेवतात. संघ गेला की तो ओटा मोकळा. म्हणून दुसऱ्या दिवशी मामा टोपी घालून जुन्नरच्या गाडीत बसले.

पुढचा सामना जुन्नरकडच्या ज्या संघाशी होता, त्यांचा एक चढाईपटू फार भारी. त्याला थांबवायला मामांनी जी युक्ती काढली ती जगातल्या कुठल्याही प्रशिक्षकाला सुचली नसती. मामांनी त्याच्यासाठी स्थळ नेलं! "गड्याचं लगीन लावून द्यायचं. चार दिस म्हाबळेश्वरला गेला की इसरंल चढाई," हा त्यांचा डाव. मुलगी मामांच्या भावकीतलीच, शिकलेली, हुशार. मुलाला ती आवडली, तिलाही मुलगा आवडला, थोरामोठ्यांना घाई होतीच. तारीख निघाली ती बरोबर सामन्याच्या रविवारची. मामा आनंदानं वाडीभर पेढे वाटत फिरले. शेवटच्या घरी कुणीतरी विचारलं, "आवं, पन पोरीचा सख्खा भाऊ आपला पकडीचा गडी हाय ना? आन बाकीची पोरं चुलतभाऊ. मंग खेळनार कोन?"

मामांनी हातातला पेढा परत डब्यात टाकला.

शेवटी दोन्ही संघ एकाच मांडवात जेवले आणि सामना एक रविवार पुढे गेला. महाबळेश्वर राहिलंच. आता तो गडी तर खेळणार होताच, वर वाडीचा जावई म्हणून खेळणार होता. वाडीवर अशी आफत कधी आली नव्हती. तो चढाईला आला की आमची पोरं अदबीनं बाजूला व्हायची. जावयाच्या अंगाला हात लावायचा कसा? तोही बिचारा मेव्हण्यांना हळूच, माफी मागितल्यासारखा टिपायचा. तरी समोरची इतर पोरंही नवख्यासारखी खेळत होती, त्यामुळे सामना रेटत रेटत शेवटच्या चढाईपर्यंत आला तेव्हा आम्ही फक्त एका गुणानं मागे होतो.

चढाई जावयाचीच. खरं तर त्यानं नुसतं इकडेतिकडे करून परतायचं, सामना त्यांचाच होता. पण नवी नवरी आमच्या बाजूला बसून बघत होती. गडी रुबाबात पार आतपर्यंत आला. त्याचा पाय नेमका तिच्या भावाच्या पुढ्यात पडला आणि भाऊ त्या पायाकडे नुसता बघत राहिला. तेवढ्यात मामा घोंगडीसकट उभे राहिले.

"आरं, मांडवात त्याचा कान पिळलास तवा लाजला न्हाईस, आन आता पाय धराया लाजतो व्हय? धर!"

आणि पाठोपाठ खणखणीत आवाज आला, "दादा, धर!" हा आवाज नवरीचा होता. जावयानं चमकून बायकोकडे पाहिलं आणि तिथेच घात झाला. दादानं घोटा धरला, बाकीचे सहाजण अदब विसरून वर पडले. एक गुण. बरोबरी!

मैदानात धुरळा उठला, मामांनी घोंगडी हवेत भिरकावली, मीही कुणालातरी मिठी मारली, तो पंच निघाला. मंडळाची पोरं आता काय करायचं म्हणून मामांकडे बघायला लागली. "हारलो का? न्हाई ना? मंग इषय संपला," मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी मामांच्या ओट्यावर आमचा संघ, जावई, जावयाचा अर्धा संघ, अशी पंगत बसली. नवरी भाकरी थापत होती आणि नवऱ्याच्या सुजलेल्या घोट्याला हसत होती. मामा पिठल्याची कढई घेऊन फिरत होते. मी थट्टेनं म्हटलं, "मामा, तळालाच आहोत की आपण अजून."

"आसू द्या की, राव," म्हणत ते माझ्याशेजारी टेकले. पंगतीवरून एक नजर फिरवली. "ही गेली तवा वाटलं व्हतं, आपल्यावर लोण चढला. पन लोण चढला की समदी परत आत येत्यात, पावणं." मग कढईत डाव फिरवत हळूच म्हणाले, "एक सोडून."

मामांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि पुढच्या रविवारी कोपऱ्यात कुणाला उभं करायचं ते मला समजावून सांगायला लागले.