काकूंच्या हातची काडतुसं

"बाजारचं? काय बाप्पा!" असं म्हणून काकू नाक मुरडायच्या आणि आपण आणलेली वस्तू दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवायच्या. तुमच्याही ओळखीत अशी एखादी काकू असेलच. बाजारचा मसाला नको, बाजारचे पापड नकोत, बाजारचं लोणचं तर घराच्या पायरीवरसुद्धा नको. आमच्या काकूंचं एवढंच वेगळं की त्यांना बंदुकीच्या गोळ्याही बाजारच्या चालायच्या नाहीत. त्याही त्या घरीच करायच्या.

हसू नका. मी डोळ्यांनी पाहिलंय.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंडियानातलं एक लहानसं गाव, चहूकडे मका, आणि मराठी घरं दोनच: एक आमचं, एक समोर काकूंचं. काकू मूळच्या नागपूरच्या, गावातल्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. मी लग्न करून पुण्याहून नुकतीच आलेली. पहिल्याच आठवड्यात चहाला बोलावून म्हणाल्या, "चल, तुला बेसमेंट दाखवते." मला वाटलं, लोणच्याच्या बरण्या असतील. बरण्या होत्याच. पण त्यांच्या शेजारी टेबलाला बोल्टांनी आवळलेलं एक लांब दांड्याचं लोखंडी यंत्र होतं, सोनाराकडे असतो तसला तराजू होता आणि ताटभर पितळी पुंगळ्या होत्या.

वापरलेली पुंगळी यंत्रात बसवायची, दांडा ओढून सरळ करायची, बुडाला ठिणगी पाडणारा नवा प्रायमर ठोकायचा, दारू तोलून घालायची, वर शिशाची गोळी बसवून पुन्हा दांडा ओढायचा. झालं काडतूस. काकू बोलता बोलता करत होत्या. म्हणजे मी बोलत होते. दारू तोलताना त्यांच्याशी बोललं की त्या डोळे वटारायच्या.

"काकू, भीती नाही वाटत?"

"अगं, रोज माणसं झोपवते मी. डोस चुकला तर माणूस उठत नाही. पुंगळीचे निदान नातेवाईक तरी बाहेर बसलेले नसतात."

त्यांची बंदूक म्हणजे कार्बाइन. खांद्याला लावायची, पण आखूड, आणि गोळी मात्र पिस्तुलाचीच खाणारी. एका सर्जनने त्यांना गंमत म्हणून गावाच्या क्लबात नेमबाजीला नेलं, आणि बाई परत आल्या त्या थेट बंदुकीची चौकशी करतच. पिस्तूल आणि कार्बाइन दोन्हींना एकच काडतूस चालतं, हे त्यांना फार पसंत होतं. "एकाच कणकेच्या पोळ्याही करा, पुऱ्याही करा," म्हणायच्या. पाचवारी साडी, वर जाड जॅकेट, कानांवर आवाज अडवणारे ते मोठे ठोकळे, आणि पदर खोचून उभ्या. गोऱ्यांची सुरुवातीला बोबडीच वळली होती. मग काकूंचा नेम पाहिला आणि सगळे मुकाट्याने "डॉक, डॉक" करायला लागले.

पुंगळ्या घासायला इतर लोक कसलंसं मशीन वापरायचे. काकू चिंच वापरायच्या. पितळ आहे ना, मग चिंचच! वर्षातून दोनदा आम्ही गाडी काढून शिकागोला डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांत जायचो, तेव्हा काकू एवढी चिंच घ्यायच्या की दुकानदाराने एकदा विचारलंच, "बहनजी, हॉटेल है क्या?" काकू म्हणाल्या, "नाही, बंदूक आहे." बिचारा गल्ल्यामागे सरकला.

आणि हाताला चव असलेल्या बाईचं जे होतं तेच काकूंचं झालं. वाटल्याशिवाय चैन पडेना. दिवाळीला क्लबातल्या चार मित्रांकडे त्यांचा डबा जायचा. वरच्या थरात शंकरपाळे, खालच्या डब्यात काडतुसं. वॉल्टर नावाचा एक म्हातारा होता, पोस्टमन म्हणून रिटायर झालेला. तो म्हणायचा, दोन्ही मस्त आहेत डॉक, पण दातांना काडतुसं मऊ पडतील. शंकरपाळे जरा कडक व्हायचे त्यांचे, खोटं कशाला बोलू.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका पूल बांधणारे इंजिनियर. पन्नाशी उलटल्यावर कंपनीने त्यांना घरी बसवलं. काही दिवस नुसतेच खिडकीशी बसून असायचे. मग हळूहळू घर आवरायला लागले आणि त्यातच त्यांचा जीव रमला. आपल्याकडे भांडं मोकळं करायचा जो रोग आहे, तो त्यांना जोरात जडला. वाटीभर वरण दिसलं की ते त्याहून लहान वाटीत. दोन अर्ध्या बरण्या दिसल्या की त्यांची एक भरलेली बरणी. काकू कधी काही बोलल्या नाहीत. मला म्हणायच्या, "करू दे गं. उठतात तरी सकाळी."

एका वर्षी दिवाळीनंतरच्या शनिवारी मी सकाळीच विरजण मागायला गेले. काका ओट्याशी उभे राहून एका टिनाच्या डब्यात साबुदाणा भरत होते. काकू जिन्यावरून वर आल्या, डब्याकडे पाहिलं आणि जागीच थांबल्या. दारूचा डबा होता तो.

"अहो, यात काय होतं?"

"तळाशी थोडंसं होतं गं. खालच्या दुसऱ्या डब्यात ओतलं. उगाच जागा अडवत होता. छान धुतलाय मी, वास बघ."

"कधी?"

"झाले की आठ-दहा दिवस."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. आवाज मात्र होता तसाच. "बरं केलंत," म्हणाल्या. "साबुदाणा दुसऱ्या कशात तरी काढा, याला गंज येतो." मग माझा दंड धरून मला ओढतच बाहेर आणलं. "गाडी काढ. मला आत्ता चालवता यायचं नाही."

गाडीत कळलं. दोन डब्यांतल्या दारू वेगळ्या. एक झटकन पेटणारी, एक सावकाश. दिसायला दोन्ही काळपट बारीक दाणे. एकीच्या मापाने दुसरी भरली तर बंदूक हातात फुटू शकते, आणि मिसळलेल्या दारूचं तर मापच नाही. दिवाळीचे डबे भरताना काकूंनी त्याच मिसळलेल्या डब्यातून दारू घेतली होती. कुठलं काडतूस काकांनी ओतायच्या आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे बघून सांगता येत नव्हतं. आणि ते डबे आता चार घरांत होते.

पहिल्या तीन घरी माणसं सापडली. प्रत्येक दारात काकू एकच वाक्य म्हणाल्या. "माझी चूक झाली. दारूत गफलत केली मी. डबा परत द्या." लोक आधी हसायचे, मग त्यांचं तोंड पाहून आतून डबा आणून द्यायचे. माझं डोकं तापलं होतं. तिसऱ्या घरातून निघाल्यावर म्हटलं, "अहो काकू, तुमची कसली चूक? काकांनी—"

"चूप! जन्मभर पूल बांधले त्यांनी. एक पडला नाही. आता त्यांना सांगू, साबुदाण्यापायी तुम्ही माणूस मारत होता? जेवायचे नाहीत गं ते. पुन्हा खिडकीशी बसतील."

वॉल्टर घरी नव्हता. बायको म्हणाली, क्लबाच्या रेंजवर नेमबाजीला गेलाय, डॉकच्या गोळ्या घेऊन. मी त्या दिवशी गाडी कशी हाणली ते पोलिसांनी पाहिलं असतं तर आत टाकलं असतं. रेंजवर पोचलो तर वॉल्टरने बंदूक खांद्याला लावलेली. काकूंना इंग्रजी सुचेचना. "अहो थांबा! थांबा म्हणते ना!" अशा जिवाच्या आकांताने ओरडल्या की सगळ्या रांगेने बंदुका खाली ठेवल्या. मीसुद्धा हात वर केले.

वॉल्टरने कानांवरचे ठोकळे काढले. "डॉक, बरं झालं आलात. आज जरा जास्तच धक्का देतेय. दोन झाडल्या, खांदा दुखतोय."

काकूंनी बंदूक स्वतः रिकामी केली, डबा पोटाशी धरला आणि बाकावर बसून ढसाढसा रडल्या. ऑपरेशन टेबलावर माणसं गेलेली पाहिली होती त्या बाईने. मी त्यांना रडताना पाहिलं ते एवढंच. वॉल्टर शेजारी बसून त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला.

घरी आल्यावर त्यांनी दारूच्या कपाटाला भलंमोठं कुलूप लावलं. काकांना सांगितलं, इन्शुरन्सवाल्यांनी सक्ती केलीय. काकांनी इन्शुरन्सवाल्यांना दोन शिव्या हासडल्या आणि विषय संपला. पुढचा आठवडाभर काकू हातोडीसारखं एक हत्यार आपटून एकेक काडतूस उलगडत होत्या.

पण क्लब बदलला. पुढच्या दिवाळीला काकूंनी विचारलं तर लोक गोड हसून म्हणाले, "नको डॉक, शंकरपाळे पुरे." वॉल्टरला त्याच्या बायकोनेच बंदी घातली होती. माणसं चांगली होती हो, पण हात जपायचा म्हटल्यावर कोण भीड धरणार? काकूंना ते फार लागलं. रविवारी त्या रांगेच्या टोकाला एकट्या उभ्या राहायच्या आणि स्वतःपुरत्या भरलेल्या गोळ्या झाडून घरी यायच्या. मी दर वेळी म्हणायची, खरं सांगून टाका एकदाचं. त्या म्हणायच्या, "गाव लहान आहे. एकाला सांगितलं की रात्रीच्या आत ह्यांच्या कानावर."

तीन-चार वर्षांनी हिवाळ्यात काकू गेल्या. हॉस्पिटलात ड्यूटीवरच, स्ट्रोकने. माझी आई इथे नव्हती, काकू होत्या. त्या गेल्यावर मी किती रडले ते आमच्या ह्यांना विचारा.

क्लबातले सगळे काकांना भेटायला आले, घरून काहीबाही भाजून घेऊन. ते गेल्यावर मी भांडी विसळत होते. काका टॉवेल घेऊन पुसायला शेजारी उभे राहिले. दोन-तीन ताटं पुसून झाली.

"वॉल्टर सांगत होता," मग म्हणाले. "हिच्या हातून एकदा दारूत गफलत झाली होती म्हणे. मोठा अनर्थ व्हायचा. तुला ठाऊक होतं?"

"हो काका."

"मला बोलली नाही कधी. लाज वाटली असेल." त्यांनी पातेलं पुसून प्रकाशात धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "डॉक्टर म्हणून मोठी हुशार गं, पण पहिल्यापासून धांदरट. मला नुसतं खाली बोलवायचं होतं तिने. मी जागेवर असतो ना, तर असं झालंच नसतं."

माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं. बाई गं, किती आलं होतं!

"खरंय काका," मी म्हटलं, आणि पुढचं भांडं त्यांच्या हातात दिलं.