घमेल्यातलं विरजण

थर्माकोलऐवजी वापरायचं बुरशीचं पॅकिंग केंदूरच्या माझ्या आळिंबीच्या, म्हणजे मशरूमच्या, शेडमध्ये आमच्या भागात पहिल्यांदा तयार झालं. ते मला सुचलं, असं मी भेटेल त्याला सांगत आलो. ते खोटं आहे.

सुचलं ते शेडमध्ये कामाला येणाऱ्या बाईला. ओल्या भुशात आळिंबीचं बियाणं मिसळून पिशव्या भरायच्या, हे तिचं काम. बियाण्याला ती विरजण म्हणायची. एकदा उरलेला भुसा आणि मूठभर विरजण तिनं प्लास्टिकच्या घमेल्यात दाबलं आणि वजन म्हणून वर तांब्या ठेवला. पंधरवड्यानं हाका मारत आली. "आप्पा, घमेल्याला दही लागलं बघा!"

पांढऱ्या बुरशीनं भुसा घट्ट बांधला होता. तांब्या रुतलेल्या जागी त्याच्या मापाची खोबण झाली होती. तिनं तो गोळा पत्र्यावर कडक वाळवला आणि तांब्या परत खोबणीत बसवला. "ह्यात काचंचं सामान ठिवलं तर हलायचं न्हाई."

पुढं कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यातले साहेब बघायला आले. "आयडिया कुणाची?" त्यांनी विचारलं. ती भुशाची पाटी घेऊन दारातच उभी होती.

"माझीच," मी म्हणालो.

साहेब गेल्यावर तिनं पाटी खाली ठेवली. "आप्पा, उद्याचं विरजण तुमीच लावा." त्यानंतर ती आली नाही.

मला ते जमलं नाही. ती भुसा मुठीत पिळून बघायची. एखादाच थेंब सुटला की ओल बरोबर. हे मी रोज बघितलं होतं, पण कधी करून पाहिलं नव्हतं. साच्यांत दाबलेल्या माझ्या भुशावर पांढरीऐवजी हिरवी, नासवणारी बुरशी चढली. साहेबांचे फोन थांबले. मी हवेला दोष दिला.

शेड बंद पडून बरीच वर्षं झाली. मागच्या महिन्यात दौंडला, तिच्या लेकीच्या घरी, तिला भेटायला गेलो. म्हटलं, "खरं काय ते लिहून काढतोय. तुमचं नाव घालतो."

"तुमचं?" ती हसली. "तवा तर 'ए' म्हणत व्हता."

मी पिशवीतून वही काढली.

"नाव तवा घ्यायचं व्हतं, मी दारात उभी व्हते तवा. आता नगं. भुसा कसा पिळायचा, तेवढं लिवा." मग तिनं विचारलं, "त्या बंद शेडीत आता कोण असतं?"

"मीच."

तिनं चहा पुढं सरकवला.

म्हणून तिचं नाव इथं नाही. ते वगळून माझं नाव लिहायला हात धजला नाही.