एकोणतिसाचा पाढा

ड्रॉवर आवरताना ऑक्सिमीटर सापडला आणि कोरोनातली कोपरच्या घरातली ती सकाळ आठवली, जेव्हा वेगळ्या खोलीत ठेवलेली पॉझिटिव्ह आई दारामागून ओरडली, "अरे, चौऱ्याऐंशी दाखवतोय!" मी घाबरून आमच्या फॅमिली डॉक्टरांना फोन लावला, तर म्हणाले, "स्पीकरवर टाक. बाई, एकोणतिसाचा पाढा म्हणा, न थांबता." आई निवृत्त शिक्षिका, धडाधड म्हणून मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, "दम लागत नाहीये. हात गार आहेत का?" होतेच, आपली भांडी आपणच घासायची म्हणून ती तासभर थंड पाण्यात हात घालून बसलेली. हात चोळून पुन्हा मोजलं, तर शहाण्णव! डॉक्टर मात्र दर दोन शब्दांनी थांबत होते. दुसऱ्या दिवशी कळलं, ते स्वतःच कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजनवर होते. आता ठणठणीत आहेत, तरी भेटले की आई आधी त्यांच्याकडून पाढा म्हणवून घेते.