तेलाच्या डब्याची शेगडी

मैत्रिणींनो, आई धंतोलीतल्या एका दवाखान्यात भरती आहे. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच तिला पेज द्यायला सांगितलं. मी मनीषनगरच्या घरून आणलेली पेज थंडगार झाली होती आणि कँटीन बंद होतं.

आईची पेज कुठे गरम करता येईल का, असं विचारत मी पातेलं घेऊन फाटकाबाहेर आले. तिथे उमरेडच्या एक बाई दवाखान्यात भरती असलेल्या नवऱ्यासाठी खिचडी शिजवत होत्या. शेगडी म्हणजे तेलाचा रिकामा टिनाचा डबा, बाजूने कापून आत लाकडं पेटवलेली.

"काहून उभी राहिली वं? आण इकडं," म्हणत त्यांनी खिचडी उतरवली आणि माझं पातेलं ठेवलं.

"तुमची खिचडी कच्चीच राहिली."

"होते मागून. मायले भूक लागली असन."

आईने अर्धी वाटी पेज खाल्ली आणि शांत झोपली.

घरी आल्यावर भंगारात द्यायला काढलेला तसाच तेलाचा डबा मी धुऊन ठेवला. तुमच्याकडे असे डबे कशाच्या कामी येतात?